इंग्रज, इंग्लिश आणि ब्रिटिश

प्रश्न असा आला आहे: 'एका लेखात मी ऋषी सुनक यांचा उल्लेख "ब्रिटनचे माजी इंग्रज पंतप्रधान" असा केला होता. संपादकांनी "इंग्रज" खोडून "भारतीय वंशाचे" असे केले. सुनक साउदॅम्प्टनमध्ये जन्मले, तिथेच वाढले. मग ते इंग्रज का नाहीत? आणि इंग्रज व ब्रिटिश हे एकच ना?'

एकच नाहीत. शिवाय मराठीत या जागी दोन नव्हे, तीन शब्द आहेत आणि तिघांची घडण वेगळी आहे.

'इंग्रज' हा शब्द आपण इंग्रजांकडून घेतलेला नाही. तो पोर्तुगिजांच्या तोंडून आला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांची, म्हणजे युरोपियनांची, नावे येतात: फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच), डिंगमार (डॅनिश). समुद्रावरून आलेल्या, व्यापाराच्या मिषाने राज्य धरू पाहणाऱ्या या जमाती. म्हणजे शब्द रुजला तोच एका जमातीचे नाव म्हणून, तेही परक्या जमातीचे. पुढे तिचे राज्य आले आणि शब्दाचा अर्थ पसरला. मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन स्कॉटलंडचे, त्यांच्यामागून आलेले माल्कमही स्कॉटलंडचेच, पण आपल्या लेखी दोघेही इंग्रज. 'गोरा', 'परका' आणि 'राज्यकर्ता' या तिन्ही छटा या शब्दात इतक्या मुरल्या आहेत की 'इंग्रज' म्हटले की डोळ्यांपुढे आजचा लंडनचा बसचालक येत नाही, १८१८ सालचे पुणे येते. सुनक यांच्यापुढे हा शब्द खटकतो, त्यात त्यांच्या इंग्लंडशी असलेल्या नात्याचा काही संबंध नाही. तो आपल्या इतिहासामुळे खटकतो.

'ब्रिटिश' हा शब्द राज्याचा आहे. १७०७ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचे एक राज्य झाले आणि त्या जोडराज्यातल्या सगळ्यांसाठी या नावाला वजन आले. वेल्सचा माणूसही त्यात, स्कॉटलंडचाही. पासपोर्टवर राष्ट्रीयत्व 'ब्रिटिश' असते, इंग्लिश पासपोर्ट नावाची वस्तूच नाही. मुळात अनेकांना सामावण्यासाठीच वापरात आलेला शब्द असल्यामुळे बाहेरून आलेल्यांना त्यात शिरायला वाव मिळाला. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून निवडून गेले. त्याआधी चार वर्षे साक्षात पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी त्यांना 'काळा माणूस' म्हणून हिणवले होते. त्याच दादाभाईंनी हिंदुस्थानातल्या कारभारावर टीकेचा ग्रंथ लिहिला, त्याच्या नावात त्या राजवटीला 'अन-ब्रिटिश' म्हटले, ब्रिटिशपणाला न शोभणारी. ब्रिटिश असणे त्यांनी रक्ताला बांधले नाही, वागणुकीला बांधले. मला हा शब्दाचा फार मोठा वापर वाटतो.

आता तिसरा, 'इंग्लिश'. आपल्या वर्तमानपत्रांचे क्रीडा पान काढून बघा. 'इंग्लिश फिरकीपटू आदिल रशीद' हे आपण सहज वाचतो. रशीद ब्रॅडफर्डमध्ये जन्मलेले, घराणे पाकिस्तानी मुळाचे, तरी कुणाला काही खुपत नाही. तिथे 'इंग्रज फिरकीपटू' लिहून बघा, वाक्य लगेच अडखळते. म्हणजे मराठीने, कुणी न सांगता, 'इंग्रज' जमातीसाठी आणि इतिहासासाठी ठेवला आहे आणि 'इंग्लिश' इंग्लंडच्या माणसासाठी घेतला आहे.

खुद्द इंग्लंडमध्ये मात्र 'इंग्लिश' कोण, यावर एकमत नाही. २०२५ च्या सुरुवातीला सुनक यांच्यावरूनच तिथे वाद झाला. माजी गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी, लंडनमध्ये जन्मूनही, आपण ब्रिटिश आहोत पण इंग्लिश नाही, असे लिहिले. उलट बाजूचे म्हणणे असे की जन्मलो, वाढलो तो देश इंग्लंड, तर मी इंग्लिश का नाही? मला दुसरे म्हणणे पटते.

माझी भाची लेस्टरला असते. २०२१ च्या जनगणनेच्या वेळी ती ऑनलाइन फॉर्म भरत होती आणि मी व्हिडिओ कॉलवर होतो. राष्ट्रीय ओळखीच्या प्रश्नाला एकाहून जास्त खुणा करता येतात. भाचीने स्वतःसाठी फक्त 'ब्रिटिश' निवडले. तिच्या दहा वर्षांच्या लेकीने आईकडून 'ब्रिटिश' आणि 'इंग्लिश' दोन्हीवर खूण करून घेतली. पुढचा प्रश्न वंशगटाचा. त्यात 'आशियाई किंवा आशियाई ब्रिटिश' असा गट होता. पोरगी म्हणाली, "आई, इथे इंग्लिश कुठंय?" होते, पण वरच्या गोऱ्यांच्या गटात. भाची काही बोलली नाही, पुढच्या पानावर गेली.

त्याच फॉर्मची आणखी एक गोष्ट शब्दांत रमणाऱ्यांनी पाहण्यासारखी आहे. इंग्लंड आणि वेल्स मिळून २०११ मध्ये 'फक्त इंग्लिश' म्हणवणारे ५७.७ टक्के होते, २०२१ मध्ये १४.९. 'फक्त ब्रिटिश' १९.१ वरून ५४.८ वर गेले. दहा वर्षांत माणसे इतकी बदलली नाहीत. इंग्लंडमधल्या फॉर्मवर 'ब्रिटिश' हा पर्याय सगळ्यात वर आणला होता, याचा त्यात मोठा वाटा आहे.

राहिले 'भारतीय वंशाचे'. संपादकांचे शब्द खोटे नाहीत. पण सुनक यांचे आईवडील पूर्व आफ्रिकेत जन्मले, पंजाब आजीआजोबांचा. लेखाचा विषय घराणे असेल तर जरूर लिहा. कर्जाचा, करांचा, निवडणुकीचा विषय असेल तर दर वेळी वंश कशाला? आपण 'मूळचे कुठले?' असे जिव्हाळ्याने विचारतो, तोच प्रश्न तिथे जन्मलेल्या पोरांना पाचव्यांदा ऐकू आला की 'तू इथला नाहीस' असा लागतो. आणि लिहायचेच तर 'भारतीय वंशाचे ब्रिटिश' असे लिहा. त्यात नाम 'ब्रिटिश' राहते आणि वंश विशेषणाच्या जागी बसतो. 'ब्रिटनमधील भारतीय' म्हटले की माणूस पुन्हा पाहुणा होतो. 'अनिवासी भारतीय' तर तिथे जन्मलेल्याला लावूच नये.

तुमच्या वाक्यात मी 'इंग्रज'ही ठेवला नसता आणि 'भारतीय वंशाचे'ही घातले नसते. 'ब्रिटनचे माजी पंतप्रधान ऋषी सुनक' एवढे पुरे. साउदॅम्प्टनचा उल्लेख ओघात येत असेल तर 'साउदॅम्प्टनकर' म्हणा. आपला 'कर' कुणाचे कूळ विचारत नाही.