रकाना नसलेले गुण

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला आणि सकाळपर्यंत मी तो चार वेळा वाचला. ‘सिंहासन’ सिनेमातल्या निळू फुल्यांना तू दहापैकी चार गुण दिलेस, ग्रुपमधल्या बाकीच्यांनी नऊ दिले, म्हणून तुला झोप येईना. ‘बाई, ते काहीच करत नाहीत हो, नुसते ऐकतात,’ असं लिहिलंयस. आणि खाली, ‘मी चुकले का?’

चुकलीस. पण जे दिसायला हवं ते तुला दिसलंय. नाव ऐकून नऊ देणाऱ्यांपैकी कितीजणांना ते दिसलं असेल, मला शंकाच आहे. तुझ्या वाक्यातला ‘नुसते’ तेवढा खोड, बाकी वाक्य राहू दे.

‘सिंहासन’ १९७९चा. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, विजय तेंडुलकरांची पटकथा, अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, डॉ. लागू त्या खुर्चीवर डोळा ठेवून असलेले अर्थमंत्री, सतीश दुभाषी कामगार पुढारी. या सगळ्यांच्या हातात डाव आहे, आणि हातात डाव असला की नटाला खेळायला मिळतं. फुल्यांच्या दिगू टिपणीस या पत्रकाराच्या हातात काहीच नाही. तो याच्याकडे जातो, त्याच्याकडे जातो आणि ऐकतो. आता त्याच्या आधीचा ‘सामना’ आठव. दिग्दर्शक तेच, लेखक तेच. तिथे फुले हिंदुराव धोंडे पाटील आहेत आणि मास्तर झालेले लागू पुन्हापुन्हा विचारतात, मारुती कांबळेचं काय झालं? तिथेही फुले ऐकतातच की! पण तो ऐकणारा मालक आहे. प्रश्न ऐकता ऐकता तो समोरच्याची किंमत ठरवतो. दिगू ऐकतो तेव्हा त्याच्या स्वतःच्याच नजरेत त्याची किंमत उतरत जाते. एकच नट, एकच चेहरा, पण कान दोन वेगळ्या माणसांचे. याला तू ‘काहीच करत नाहीत’ म्हणतेस?

गावोगावचे नकलाकार त्यांचा तो घोगरा आवाज काढतात आणि टाळ्या घेतात. त्यांचं ऐकणं मात्र अजून कुणाला उचलता आलेलं नाही, कारण नकलेत समोर कुणी नसतंच. फुले लोकनाट्यातून आले, ‘कथा अकलेच्या कांद्याची’मधून. वगात समोरच्याने आज नवी कोटी टाकली तर कालचं उत्तर चालत नाही. कान उघडे नसतील तर भर प्रयोगात तोंडावर आपटायचं. ही तालीम त्यांना तिथे मिळाली असणार असं मला वाटतं.

दिगूचं शेवटचं वेड्यासारखं हसणं ‘ओव्हर’ वाटलं, असंही तू लिहिलंयस. वाटणारच. सिनेमा दीडपट वेगाने पाहिलास ना? त्या वेगात संवाद कळतात, थांबे मरतात. दोन तास जे कानात साठलं ते त्या हसण्यातून बाहेर पडतं. साठताना पाहिलंच नाहीस, तर सांडताना जास्तच वाटेल. ऐकणाऱ्याकडे बघ.

हे मी तोऱ्यात सांगतेय असं समजू नकोस. पस्तिशीत मला एका एकांकिका स्पर्धेला परीक्षक म्हणून बसवलं होतं. गुणपत्रिकेवर चार रकाने होते: आवाज, शब्दोच्चार, हालचाल, पाठांतर. प्रत्येकी पंचवीस. एका एकांकिकेत मुंबईहून परत आलेला मुलगा आईला आपली नोकरी गेल्याचं सांगतो. मुलाचं लांबलचक स्वगत, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत. आई झालेली मुलगी बाजूला बसून सुपातले तांदूळ निवडत होती. तिला वाक्यं सगळी मिळून सहा-सात. ‘कर्ज’ हा शब्द आला आणि तिची बोटं थांबली. बोटांत खडा होता. तो टाकून द्यायचा, तर तिने तो परत तांदळात ठेवला आणि सूप पुन्हा पाखडायला घेतलं. खडा ठेवला तेव्हा तिचं सुपाकडे लक्षही नव्हतं.

मी ते पाहिलं. आज इतक्या वर्षांनी तुला सांगू शकतेय म्हणजे तेव्हा नीटच पाहिलं होतं. आणि तरी आवाजाच्या रकान्यात मी तिला अकरा दिले, कारण ती हळू बोलली होती. पहिलं बक्षीस त्या मुलाला, तिला उत्तेजनार्थसुद्धा नाही. निकालानंतर ती विचारायला आली, ‘बाई, काय सुधारू?’ मी म्हटलं, ‘आवाज वाढव.’ पुढच्या वर्षी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

रकानाच नव्हता, मी तरी काय करणार, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं समजावलं. खरं सांगायचं तर अजूनही अधूनमधून समजावते. पण पेन्सिल माझ्या हातात होती, आणि कागदाला समास होता.

त्यानंतर मी हेका धरला. जिथे परीक्षक म्हणून गेले तिथे पहिला प्रश्न, ऐकण्याचे गुण कुठे लिहायचे? दोन ठिकाणी वाद झाले, एका ठिकाणी मी मानधन न घेता उठून आले. मग बोलावणी थांबली. लोक मला हेकट म्हणतात, म्हणोत बापडे. त्यांच्यातल्या कुणी तो खडा पाहिलेला नाही.

तू हुशार आहेस, म्हणशील की बाई, सिनेमात ऐकणारा चेहरा कधी दाखवायचा हे संकलक ठरवतो, त्यात नटाचं काय? बरोबर आहे. म्हणून मधे काप नसलेला शॉट शोध, दोघंही एकत्र दिसतात असा. पहिल्यांदा आवाज चालू ठेवून बघ. दुसऱ्यांदा आवाज बंद कर आणि बोलणाऱ्यावर हात ठेव, खरोखर स्क्रीनवर हात ठेव. उरलेल्या माणसाकडे बघून समोरचा काय बोलतोय याचा अंदाज आला, तर गुण दे. तो आपल्या वाक्याची वाट बघत नुसता उभा असेल, तर कितीही मोठं नाव असो, देऊ नकोस.

दूरदर्शनवर १९८८मध्ये लागलेली गोविंद निहलानींची ‘तमस’ बघ. ओम पुरीचा नथू अंधाऱ्या खोलीत डुकराशी झटतो, ते सगळ्यांना आठवतं. मला त्याचं पुढचं गप्प राहणं आठवतं. त्या डुकराचं काय केलं गेलं आणि त्यातून दंगल कशी पेटली, हे त्याच्या कानावर येत जातं आणि ते कुणाला सांगायची सोय नाही. चार भिंतींत बायकोजवळ असतानासुद्धा तो बाहेरचे आवाज ऐकत असतो.

आणि ‘जुना अभिनय लाऊड असतो’ हे वाक्य तुझ्या त्या मित्राला परत कर. १९३६चा ‘संत तुकाराम’ त्याने पाहिलाय का? पागनीसांचा तुकोबा गात असतो, आणि गौरीची आवली संसार ओढत असते. ती ओरडते, भांडते, आजारी पोराला घेऊन देवळात जाऊन विठोबावर पायताण उगारते. लाऊडच आहे ती. पण तिच्या ओरडण्यात नवऱ्याचा प्रत्येक शब्द ऐकलेला असतो, म्हणून तर ती चिडते. न ऐकणारी बाई इतकी चिडत नाही. आवाज मोठा की लहान, याच्याशी मला कर्तव्य नाही. माझं ते अकरा गुणांचं खातं अजून फिटायचंय.

तर फुल्यांचे चार तू खोडायचे की ठेवायचे, मी सांगणार नाही. रविवारी दुपारी ये. तुझा फोन बॅगेत राहील, सिनेमा माझ्या टीव्हीवर आपल्या मूळ वेगाने चालेल. आणि तुमच्या फिल्म क्लबची ती गुणपत्रिका बरोबर आण. रकाने कोणते छापलेत ते मला बघायचंय.

तुझी,
बाई