भावाला रक्त देऊ की नको?
वाचकांचे प्रश्न : रक्तविकार

प्रश्न : धाकटा भाऊ 24 वर्षांचा. पावसाच्या तोंडावर हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, चार पायऱ्या चढला की धाप. गावात डेंगूची साथ होती, म्हणून आधी तेच समजून उपचार झाले. हिमोग्लोबिन 5.8, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 300, प्लेटलेट 9,000. मुंबईत कमरेच्या हाडातून तपासणी केल्यावर अप्लास्टिक ॲनिमिया निघाला. मी त्याला नाचणी, बीट, लोहाच्या गोळ्या देतेय. आमचा रक्तगट एकच आहे. रक्त मीच देऊ का? (गुहागर)

उत्तर : तुम्ही देऊ नका. आईवडिलांनीही नको, जवळच्या नात्यातल्या कुणीच नको. उद्या त्याला तुमचीच मज्जा, म्हणजे हाडातला रक्तपेशी बनवणारा गर, द्यायची वेळ येऊ शकते. तुमच्या रक्ताची ओळख त्याच्या शरीराला आधीच झाली, तर ते तुमच्या पेशींविरुद्ध तयार होऊन बसतं आणि मज्जा नाकारली जाण्याचा धोका वाढतो. रक्त आणि प्लेटलेट बाहेरच्या दात्याचे घ्या. रक्तपेढीत ल्युकोरिड्यूस्ड (पांढऱ्या पेशी गाळलेली) आणि इरॅडिएटेड (किरणोत्सर्ग दिलेली) पिशवी मागा.

डेंगूत प्लेटलेट पडतात, पण ताप उतरल्यावर आठवडाभरात चढू लागतात. इथे भावाच्याच संरक्षक पेशींनी मज्जेतल्या मूळ पेशी मारल्यात आणि त्यांच्या जागी चरबी भरलीय. म्हणून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट तिन्ही एकदम खाली. लोह कमी नाहीच. उलट रक्ताच्या एका पिशवीतून 200 ते 250 मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. गोळ्या आजच बंद करा. नाचणी जेवण म्हणून खुशाल द्या, औषध म्हणून नको.

न्यूट्रोफिल 500 च्या खाली आणि प्लेटलेट 20,000 च्या खाली, म्हणजे आजार तीव्र आहे. या वयात सख्ख्या भावंडाची मज्जा जुळली तर प्रत्यारोपण हाच पहिला उपाय. त्यासाठी रक्तगट नव्हे, एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखखूण, जुळावी लागते. प्रत्येक सख्ख्या भावंडाशी ती पूर्ण जुळण्याची शक्यता 25 टक्के असते. सगळ्या भावंडांची तपासणी याच आठवड्यात करून घ्या. तुमचं जुळलं तर भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढतात, ती काही आठवड्यांत भरून येते. लोहाच्या गोळ्या तेव्हा तुम्हाला लागतील. जुळलं नाही तर घोड्यापासून बनवलेलं एटीजी, म्हणजे हल्ला करणाऱ्या संरक्षक पेशी दाबणारं औषध, रुग्णालयात 4 दिवस शिरेतून देतात, जोडीला त्याच कामाचं सायक्लोस्पोरिन आणि मज्जेला चालना देणारं एल्ट्रोम्बोपॅग. गुण यायला 3 ते 6 महिने लागतात. त्याच वेळी फॅन्कोनीची, म्हणजे गुणसूत्रं तुटण्याची तपासणी झालीय का ते विचारा. हा जन्मजात दोष असेल तर एटीजीचा उपयोग होत नाही, प्रत्यारोपणाआधीच्या औषधांची मात्रा बदलावी लागते, आणि तो दोष तुमच्यात नाही ना हेही आधी पाहावं लागतं.

तोवर सगळ्यात मोठी भीती तापाची. 100.4 फॅरनहाइट दिसलं की पॅरासिटामॉल देऊन वाट बघत बसायचं नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढून चिपळूण गाठायचं, कारण शिरेतून प्रतिजैविक तासाभरात सुरू व्हायला हवं. गाडी कुणाची, ड्रायव्हर कोण, हे आजच ठरवा. ‘न्यूट्रोफिल 300, अप्लास्टिक ॲनिमिया’ असं लिहिलेला कागद पाकिटात ठेवा. दवाखान्यात दंडात किंवा कमरेत सुई घेऊ देऊ नका, एवढ्या कमी प्लेटलेटवर स्नायूत रक्त साकळतं. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन बंद. गोठा, भिजका पेंढा, बुरा धरलेली खोली यांपासून त्याला लांब ठेवा. ती बुरशी फुप्फुसात शिरली तर काढणं फार कठीण.

प्रश्न : आई 58 वर्षांची, एटीजी होऊन 2 महिने झाले. सायक्लोस्पोरिनने हिरड्या सुजल्यात, प्लेटलेट वाढत नाहीत. गोळी बंद करावी का? (वेंगुर्ले)

उत्तर : नको. 2 महिने फार थोडे झाले. रक्त चढवण्यातलं अंतर वाढतंय का बघा, सुधारणा बहुधा आधी तिथे दिसते. मऊ ब्रश, दंतवैद्याचा सल्ला, आणि रक्तदाब व क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) नियमित तपासणं एवढं सांभाळा. गुण आल्यावरही ही गोळी निदान वर्षभर चालते आणि मग हळूहळू उतरवतात. मध्येच तोडली तर आजार उलटतो.

औषधाची पातळी मोजताना हमखास एक चूक होते. सकाळची गोळी घेऊन लोक लॅबमध्ये जातात, आकडा खोटा चढा येतो आणि मात्रा विनाकारण कमी होते. नमुना गोळीच्या आधी द्या, गोळी सोबत न्या. आणि चतुर्थीला माटवीला बांधलेलं पापनस त्यांना देऊ नका. त्यातल्या द्रव्यांनी आतड्यातलं एन्झाइम अडतं, औषध रक्तात जास्त उतरतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. मोसंबी चालेल.

प्रश्न : आंब्याच्या फवारणीमुळे हा आजार झाला असेल का? (देवगड)

उत्तर : बहुतेक रुग्णांत कारण सापडतच नाही. काही कीटकनाशकांवर आणि बेंझिनवर संशय आहे, पण एका माणसाच्या बाबतीत ते सिद्ध करता येत नाही. तरीही रुग्णाने पंप हातात घेऊ नये, मोहोरावर फवारणी चालू असताना बागेतही जाऊ नये. वापरलेल्या औषधांची लेबलं मात्र डॉक्टरांना दाखवा.