ज्या प्राण्याचा अभ्यासच झाला नाही त्याचे गुण नात्यावरून कसे काय ओळखतात?

थोडक्यात सांगायचं तर खानदान बघतात. डायनोसॉरचंच घ्या ना, हृदय काही सहसा दगडात टिकत नाही, मग त्याला कप्पे किती हे कळणार कसं? तर त्यांच्या एका बाजूला मगरी आणि दुसऱ्या बाजूला पक्षी (पक्षी म्हणजे खरंतर डायनोसॉरच, पण ते असो), आणि दोघांचंही हृदय चार कप्प्यांचं, म्हणजे बहुतेक दोघांच्या सामाईक पूर्वजाचंही तसंच असणार आणि तिथून ते मधल्या सगळ्या डायनोसॉरना मिळालं असणार. अंडी घालणंही तसंच.

हे नुसतं अंदाजपंचे नाहीये बरं का. व्हेलॉसिरॅप्टर नावाच्या डायनोसॉरला पिसं असणार असं त्याच्या पिसंवाल्या भाऊबंदांवरून आधीच म्हणत होते आणि २००७ मध्ये मंगोलियातल्या एका जीवाश्माच्या हाताच्या हाडावर पिसं रुजतात तसल्या गाठी दिसल्या की!

आता गोची कुठे होते, तर सगळेच गुण वंशावळीप्रमाणे चालत नाहीत. कॅन्सरच्या औषधांना लागणारं कॅम्प्टोथेसिन १९६६ मध्ये एका चिनी झाडात सापडलं, आणि नंतर ते आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही निघालं, आता ही दोन झाडं जवळची नातेवाईक अजिबात नाहीत, त्यामुळे नुसतं नातं बघत बसला असता तर नरक्या हातचा गेलाच असता. म्हणून मी तरी हृदय, हाडं असल्या गोष्टींसाठी नात्यावर भरवसा ठेवीन, रसायनं आणि वागणुकीच्या बाबतीत जरा जपूनच.