आवळा फुलतो, पण फळ धरत नाही

अंगणातले कलमी आवळ्याचे झाड सात वर्षांचे झाले, दर चैत्रात फुलते, पण एकही आवळा लागत नाही. तेव्हा खत वाढवावे की छाटणी करावी, असे आपण विचारले आहे. माझे आग्रहाचे सांगणे असे की, या दोन्हींच्या आधी जवळपास दुसऱ्या जातीचा आवळा आहे का, हे पाहावे. आवळ्याच्या एकाच झाडावर नर आणि मादी अशी दोन्ही फुले येत असली, तरी बहुतेक जातींत स्वतःच्या परागाने फळधारणा नीट होत नाही. एका जातीची सगळी कलमे या बाबतीत एकच झाड असल्यामुळे शेजाऱ्यांकडे त्याच जातीचे कलम असले तरी त्याचा उपयोग नाही.

येत्या बहरात एक कोवळी डहाळी भिंगाखाली धरावी. खालच्या पानांच्या बगलांत नर फुलांचे झुपके दिसतात. मादी फुले वरच्या भागात आणि मोजकीच असतात. बनारसी जातीत ती फारच कमी येतात, एनए-7 मध्ये भरपूर. बुंध्यावरचा कलमाचा जोडही तपासावा, कारण वरचे कलम मरून खालच्या खुंटाचाच (ज्या रोपावर कलम बांधले त्याचाच) फुटवा वाढला असेल, तर ते बियांच्या रोपापासूनचे झाड समजावे, आणि अशा झाडाला फळासाठी जास्त वर्षे लागतात.

उपाय म्हणून कृष्णा किंवा चकैया यांसारख्या वेगळ्या जातीचे कलम जवळ लावावे. जागा नसल्यास जाणकाराकडून याच झाडाच्या एका फांदीवर पावसाळ्यात दुसऱ्या जातीचा डोळा भरून (म्हणजे त्या जातीची कळी सालीत बसवून) घ्यावा. युरिया टाळावा, त्याने पालाच माजतो. फुलोऱ्यात पाणी देऊ नये आणि कीटकनाशकही फवारू नये, कारण त्या दिवसांत मधमाश्या झाडावर असतात. जोरकस छाटणीने फळ धरणाऱ्या फांद्याच जातात, म्हणून फक्त वाळलेले आणि रोगट तेवढे काढावे.

एक गोष्ट मात्र पुष्कळांना चकवते. चैत्रात फळ धरले तरी त्याची वाढ संपूर्ण उन्हाळाभर थांबलेली असते, आणि पाऊस सुरू झाल्यावरच ते डोळ्यांना दिसण्याइतके फुगू लागते. त्यामुळे वैशाखात फांद्या रिकाम्या दिसल्या म्हणून निराश होऊन छाटणी करू नये. बहर वाया गेला की नाही, हे ऑगस्टमध्येच पाहावे.