विमानात पायलट बेशुद्ध पडला तर?

प्रश्न: कामानिमित्त मी महिन्यातून दोनदा तरी विमानाने जातो. घरी कॉम्प्युटरच्या सिम्युलेटरवर मोठं विमान उतरवायलाही शिकलोय. उद्या खरोखरच पायलट बेशुद्ध झाले, तर माझा काही उपयोग होईल का? की प्रवाशांनी नुसतं बसून राहायचं?

उत्तर: केबिन क्रूमध्ये मी २६ वर्षं काढली. गॅलीच्या, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघराच्या, पडद्यापाशी उभं राहून हा प्रश्न मला कितीतरी जणांनी विचारलाय, बहुतेकांनी हळू आवाजात. म्हणून सरळच सांगते. कॉकपिटमध्ये तुमची गरज जवळजवळ कधीच पडणार नाही. पण आपल्या सीटवरून तुम्ही जे करू शकता ते फार मोठं आहे, आणि ते न झाल्यामुळे माणसं गेली आहेत.

आधी पायलटचं. कॉकपिटमध्ये दोन पायलट असतात. दोनदा विचारूनही शेजारचा धड उत्तर देत नसेल, तर तो कामातून गेला असं धरायचं आणि विमान आपल्या ताब्यात घ्यायचं, हे दोघांच्याही अंगवळणी पाडलेलं असतं. एकटा पायलट विमान नीट उतरवू शकतो. माझ्यावर ही वेळ एकदाच आली. जेवणाच्या ट्रॉल्या आत लावत होते. इंटरफोन वाजला आणि कॅप्टन एवढंच म्हणाले, "आत या, लगेच." को-पायलटची हनुवटी छातीला टेकली होती आणि अंग पुढे झुकलं होतं. शिकवलेलं सगळं आठवलं: खांदे धरून मागे ओढायचं, खांद्याचे पट्टे आवळून लॉक करायचे, सीट मागे घ्यायची, पाय पेडलवरून काढायचे, मग ऑक्सिजन. पण बेशुद्ध माणसाचं अंग किती जड होतं ते वर्गात कळत नाही. पहिल्या झटक्याला तो हललाच नाही. सहकारीण धावत आली, तिने सीटचा खटका दाबला तेव्हा कुठे तो मागे आला. त्याला उचलून बाहेर काढायचा प्रयत्न आम्ही केला नाही, कारण एवढ्याशा जागेत त्याचा पाय भलत्याच स्विचला लागला असता. तिथेच सीटला बांधून ठेवला. प्रवाशांमधल्या एका डॉक्टरबाई त्याच्यापाशी थांबल्या. मग कॅप्टननी चेकलिस्ट माझ्या हातात दिली. मी ओळीवर बोट ठेवून वाचायची, ते तेवढं करून "झालं" म्हणायचे, मग बोट पुढच्या ओळीवर. पंचवीस मिनिटांत आम्ही जमिनीवर होतो. को-पायलट वाचला. ते "झालं" मला अजून ऐकू येतं.

दोघेही एकदम कोसळणं फारच क्वचित घडतं. १४ ऑगस्ट २००५ ला सायप्रसमधल्या लार्नाकाहून अथेन्सकडे निघालेल्या बोइंग ७३७ मध्ये ते घडलं. केबिनमधल्या हवेचा दाब सांभाळणारा स्विच 'मॅन्युअल'वर, म्हणजे दाब हाताने सांभाळायच्या स्थितीत, राहून गेला होता. विमान चढत गेलं तशी आतली हवा विरळ होत गेली आणि दोन्ही पायलटांची शुद्ध हरपली. केबिन क्रूमधला एक तरुण, ज्याच्याकडे पायलटचं लायसन्स होतं, शेवटी कॉकपिटमध्ये पोचला, पण तोवर इंधन संपत आलं होतं. १२१ जण गेले. त्या तरुणाबद्दल मी नव्या मुलामुलींना दर बॅचला सांगायची.

समजा क्रूने तुम्हाला आत बोलावलंच, तर सिम्युलेटरवरचा हात आवरा. ऑटोपायलट चालू असेल तर विमान आपलं आपण उडत राहतं. पहिलं काम हेडसेट घालून बोलायचं आणि जमिनीवरून सांगतील तेवढंच करायचं. त्यातही गोम आहे: एअरबसच्या साइडस्टिकवर (विमान वळवायच्या, सीटच्या बाजूला असलेल्या दांडीवर) रेडिओचं बटण तर्जनीखाली असतं आणि अंगठ्यापाशी असतं ते लाल बटण ऑटोपायलट सोडवतं.

आता तुमच्या हातात खरोखर काय आहे ते. ८ जानेवारी १९८९ ला इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ एक ७३७ पडलं. बिघाड डाव्या इंजिनात होता, पायलटांनी बंद केलं उजवं. योगायोगाने त्याच वेळी धूर आणि थरथर कमी झाली, त्यामुळे त्यांना वाटलं, बरोबर केलं. कॅप्टननी उजव्या इंजिनाचं नाव घेऊन तशी घोषणाही केली. मागे बसलेल्या कितीतरी जणांनी डाव्या इंजिनातून ज्वाळा निघताना पाहिल्या होत्या, केबिन क्रूमधल्या काहींनीही. कॉकपिटपर्यंत कुणीच ते पोचवलं नाही. ४७ जण गेले. दोनच महिन्यांनी, १० मार्चला, कॅनडातल्या ड्रायडनमध्ये पंखांवर बर्फ असतानाच एका विमानाने उड्डाण केलं. तो बर्फ आतल्या प्रवाशांना दिसत होता आणि त्यांच्यात दोन पायलटही होते. पुढच्या माणसांना ठाऊकच असेल, असं धरून चालले आणि कॉकपिटला कुणीच सांगितलं नाही. २४ जण गेले.

या दोन अपघातांनी आमचं प्रशिक्षण बदललं. त्यानंतर केबिन क्रूला सांगितलं जाऊ लागलं की शंका असली तरी कॉकपिटला कळवा. म्हणून तुम्हीही संकोच करू नका. बेल दाबा आणि "काहीतरी विचित्र वाटतंय" असं न म्हणता नेमकं सांगा: कोणती बाजू, काय दिसलं, केव्हापासून. "डाव्या इंजिनातून ठिणग्या, दोन मिनिटं झाली," एवढं पुरे. आम्ही कधी ऐकून हसलो नाही. बहुतेक वेळा काही नसायचं, तरीही मी इंटरफोन उचलायची.

प्रश्न: ऑक्सिजन मास्कची पिशवी फुगली नाही, तर मास्क बिघडलाय असं समजायचं का?

उत्तर: नाही. पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो. मात्र मास्क झटक्याने स्वतःकडे ओढा, त्याशिवाय पुरवठा सुरूच होत नाही. सुमारे ३५,००० फुटांवर हवेचा दाब गेला, तर भान टिकतं ते अर्ध्या ते एका मिनिटापुरतं. म्हणून आधी स्वतःचा मास्क, मग शेजारच्या मुलाचा. आई म्हणून ते किती जड जातं हे मला ठाऊक आहे. पण तुम्हीच बेशुद्ध पडलात तर त्याला मास्क लावणार कोण? हा ऑक्सिजन साधारण बारा ते पंधरा मिनिटं पुरतो. तेवढ्यात पायलट विमान १०,००० फुटांपर्यंत खाली आणतात, तिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. विमान एकदम खाली जाऊ लागलं तर ते पडत नाहीये, उतरवलं जातंय. पट्टा आवळून बसा.