जुनं सोल्डरिंग आयर्न: कानस आधी बाजूला ठेवा

प्रश्न: अडगळीत वडिलांचं सोल्डरिंग आयर्न, डाख ओढून घेणारा पंप आणि तारेचं एक रीळ सापडलं. आयर्न तापतं, पण टोक काळंठिक्कर पडलंय आणि डाख त्यावर गोळी होऊन घरंगळतो. टोक कानशीने घासू का? छोटी रेडिओची सर्किटं जोडायला मला तेच वापरायचंय.
— एक वाचक

उत्तर: जरूर वापरा. माझ्या टेबलावरचं रोजचं आयर्नही असंच अडगळीतून आलेलं आहे, त्यामुळे तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. पण कानस तूर्त राहू द्या, आणि आयर्न पुन्हा प्लगला लावण्याआधी मल्टिमीटर घ्या.

प्लगच्या दोन मुख्य पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. २३० व्होल्टवर चालणाऱ्या २५ वॉटच्या आयर्नला साधारण २१०० ओहम यायला हवेत, ६० वॉटच्याला ९००च्या आसपास. मग अर्थची पिन आणि बिट, म्हणजे आयर्नचा पुढचा टोकाचा तुकडा, यांच्यात मोजा; तिथे एखाद-दुसरा ओहमच यावा. मुख्य पिना आणि बिट यांच्यात मात्र मीटरने काहीच जोडणी दाखवता कामा नये. एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. मल्टिमीटर जेमतेम काही व्होल्टवर तपासतो आणि बरीच वर्षं पडून असलेल्या हीटरच्या इन्सुलेशनमध्ये ओल मुरलेली असू शकते. इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्टच्या मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरवर, एकदा बघून घ्या. एक मेगओहमच्या खाली आलं तर हीटर कोरड्या उबेत वाळवून पुन्हा तपासा, तरी सुधारलं नाही तर तो बदला.

प्लग दोन पिनांचा आणि हीटरभोवतीची नळी धातूची असेल, तर तीन तारांची केबल घालून अर्थ नळीला पक्की जोडून घ्यावी लागेल. तशी सोय आत नसेल तर ते आयर्न मी मेनवर लावणार नाही, कितीही जिव्हाळ्याचं असलं तरी. केबलवर जुनं, करड्या धाग्यांचं विणलेलं आवरण असेल तर त्यात अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं. ते सोलू नका, घासूही नका.

आता टोक. आयर्न थंड असताना बिटच्या अगदी टोकाशी लोहचुंबक धरून बघा. ओढला गेला, तर तांब्यावर लोखंडाचा मुलामा आहे. तो कानशीने गेला की आतलं तांबं डाखातल्या कथलात विरघळत जातं आणि टोकाला खड्डा पडतो. असं टोक तापवून पितळी तारांच्या चोथ्यात खुपसा, लगेच आत राळ भरलेली डाखाची तार लावा, पुन्हा खुपसा. काळेपणा एकदम जात नाही. आधी कडेला एक चकचकीत ठिपका दिसतो, मग दर फेरीला कल्हई थोडी थोडी पुढे सरकते. इथे घाई करू नका. मुलाम्याला भोक पडून लाल तांबं दिसत असेल, तर मात्र बिट नवाच घ्या.

चुंबक ओढला गेला नाही तर बिट निव्वळ तांब्याचा आहे. तो थंड असताना खुशाल घासा, लालबुंद तांबं दिसेपर्यंत, आणि तापता तापताच डाख लावा. असा बिट झिजणारच, अधूनमधून पुन्हा घासावा लागतो. बिट नळीत अडकला असेल तर स्क्रू सैल करून पकडीने हलके फिरवत काढा. हातोडी लावलीत तर हीटर फुटेल.

रिळाची तार तिरकी कापून भिंगातून पाहा. मधोमध पिवळसर राळेचा ठिपका दिसला तर तार कामाची आहे. वरचा करडा थर कापडाने पुसला की झालं. ६०/४० कथील-शिशाची तार १९० अंश सेल्सिअसच्या आत पूर्ण वितळते, शिसं नसलेल्या तारेला २१७च्या पुढे जावं लागतं. सोबत नळकामाची आम्लाची पेस्ट सापडली तर ती सर्किटला अजिबात लावू नका, तांब्याचे ट्रॅक खाऊन टाकते.

पंप उघडून आतले डाखाचे कण डब्यात काढा, केरसुणीने उडवू नका, त्यात शिसं असतं. रबरी रिंग तडकली नसेल तर तिला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा आणि हात साबणाने धुऊन टाका.