‘बळी’, ‘पीडित’ की ‘ग्रस्त’?

प्रश्न : जुन्या राजवटींतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन आयोगांवरच्या लेखाचा अनुवाद करतोय. आयोग अधिकृतपणे ज्यांना ‘व्हिक्टिम’ म्हणतो, त्यांना ‘बळी’ म्हणू की ‘पीडित’?

सरसकट ‘बळी’ नको. मराठीत बळी ‘जातो’ तो मरतो. बळी ‘पडतो’ तो बहुधा जिवंत राहून भोगतो. सगळा फरक क्रियापदात आहे. नुसतं नाम लिहिलंत, तर वाचकाला मेलेला माणूसच दिसणार. (‘इडा पिडा टळो’मधला बळी वेगळा, तो राजा.)

गंमत म्हणजे हाच फरक चिलीत दोन आयोगांनी केला. १९९१ साली अहवाल देणाऱ्या रेटिग आयोगाकडे पिनोशेच्या लष्करी राजवटीत मेलेले आणि बेपत्ता झालेले, एवढेच मोजायचं काम होतं. आकडा आला २,२७९. छळछावणीतून जिवंत सुटलेले त्यात नव्हतेच. त्यांची गणती २००४ च्या वालेक आयोगाने केली, तेव्हा २७ हजारांहून अधिक निघाले. आधी ‘गेलेले’ मोजले, ‘पडलेल्यां’ना तेरा वर्षं थांबावं लागलं.

‘पीडित’ म्हटलं की जगलेले आणि मेलेले दोघेही येतात, म्हणून तो बरा. पण त्यात सरकारी शिक्का नाही. पीडा कुणालाही होते, तिला दाखला लागत नाही. शिक्का असतो तो ‘ग्रस्त’मध्ये. मूळ अर्थ गिळलेला. पंचांगात ग्रस्तोदित ग्रहण असतं तोच हा शब्द. आमच्या सोलापुरात मात्र ‘ग्रस्त’ म्हटलं की ग्रहण नाही, तहसील आठवते. शिवार डोळ्यांदेखत करपलं तरी पैसेवारी (पिकाचा सरकारी अंदाज) पन्नास पैशांच्या आत लागेपर्यंत गाव कागदावर दुष्काळग्रस्त होत नसे. शेजारच्या आजींचं गाव उजनीच्या पाण्यात गेलं. त्यांना एकदा ‘तुम्ही धरणग्रस्त ना?’ म्हणालो, तर म्हणाल्या, “न्हाई बाबा, सातबारा व्हता ते धरणग्रस्त. आमी नुसतं उठलो.”

दक्षिण आफ्रिकेतही असे ‘नुसते उठलेले’ पुष्कळ. तिथला सत्यशोधन आयोग ज्या १९९५ च्या कायद्याने नेमला, त्याने पीडित ठरवताना खून, अपहरण, छळ आणि अतिशय क्रूर वागणूक एवढेच प्रकार धरले. तेही राजकीय हेतूने झालेले आणि १ मार्च १९६० नंतरचे. वर्णभेदी कायद्यांखाली घरादारातून हुसकलेली लाखो माणसं निव्वळ तेवढ्यावरून या व्याख्येत बसली नाहीत. पेरूत २००५ च्या भरपाई कायद्याने तर बंडखोर संघटनांच्या सदस्यांना पीडितांतूनच वगळलं, मग त्यांच्यावर काहीही गुजरलेलं असो.

‘आयोगग्रस्त’ मात्र करू नका, आयोगानेच त्रास दिला असं वाटेल! नाम ‘पीडित’ ठेवा आणि शिक्का क्रियापदावर मारा : ‘ठरणे’. तुमचं वाक्य ‘आयोगाने बळींची संख्या मोजली’ असं आहे. तिथे ‘आयोगाने इतक्या जणांना पीडित ठरवलं’ असं करा. पुढे जिथे यादीबाहेर राहिलेल्यांचा विषय येतो, तिथे ‘पीडित असूनही पीडित ठरले नाहीत’ हे सरळ लिहिता येईल.